कुत्र्याला डोंगरावर नेताना

दिवाळीच्या सुट्टीवरून परत आल्यावर हाऊसमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, की आम्ही कुत्र्यांना घेऊन एका दिवसात तीन डोंगरमाथे केले. खरं म्हणजे दोनच केले. तिसऱ्याच्या अलीकडच्या खिंडीतून परत फिरलो, आणि का फिरलो हे सांगायची लाज वाटली म्हणून आकडा एकाने वाढवला. मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं सरांनी सांगितलं तेव्हा हाच विषय घ्यायचं ठरवलं. ज्यांना मी तीन सांगितले त्यांनी कृपया दोन समजावेत. बाकीचा लेख त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी कुत्रा आहे आणि सुट्टीत त्याला ट्रेकला न्यायचं ज्यांच्या मनात आहे.

आमचं घर भिलाईला, हुडकोत. घरात मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, त्यामुळे एखादा शब्द तिकडचा आला तर समजून घ्या. भिलाई एकदम सपाट आहे. डोंगर बघायचा तर दुर्ग, गुंडरदेही, बालोद करत साधारण नव्वद किलोमीटर दक्षिणेला दल्ली राजहऱ्याला जावं लागतं. भिलाईच्या कारखान्याचं लोहखनिज तिथून येतं. या डोंगरांची एक गंमत आहे. दोराबजी टाटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूरच्या संग्रहालयात एक भूगर्भाचा नकाशा पाहिला, त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंड दाखवलं होतं, म्हणून त्यांची माणसं इथवर आली होती. पण कारखाना शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. राजहऱ्याचं खनिज थांबून राहिलं ते १९५९ साली भिलाईची पहिली भट्टी पेटेपर्यंत. हे जरा विषयांतर झालं, पण हुडकोच्या मुलाला राजहऱ्याचं नाव घेऊन हे न सांगणं जमत नाही.

खाणीच्या हद्दीत फिरता येत नाही. आम्ही गेलो ते एका गावामागचे जंगलाचे डोंगर. सह्याद्रीसारखे कडे नाहीत, पायथ्यापासून उंचीही फार नाही, पण एका धारेवर ओळीने तीन माथे आहेत आणि वर सगळीकडे साजा, तेंदू, मोह, धावडा. साजा म्हणजे आपल्याकडचा ऐन. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतकं असतं आणि वाट फक्त तिकडच्या माणसांनाच दिसते.

आम्ही चौघं होतो. बाबा, मी, राजहऱ्याला नोकरीला असलेला माझा मामा, आणि त्याच्या ओळखीचे गावातले एक काका. कुत्री दोन. ब्रूनो आमचा, हुडकोतला, आठ वर्षांचा लॅब्राडोर. आजी त्याला रोज तूप लावलेली पोळी देते आणि देत नाही असं सांगते. वजन अडतीस किलो. राणी मामाची, देशी, सोळा किलोची, क्वार्टरच्या जिन्याखाली जन्मलेली.

आखणी माझी होती. गेल्या वर्षी मॅप रीडिंगला चांगले मार्क मिळाल्यामुळे मला सगळं येतं असं मला वाटत होतं. सातला सुरुवात, साडेआठला पहिला माथा, दहाला दुसरा, साडेअकराला तिसरा, दोनपर्यंत खाली. माणसांसाठी आठ लिटर पाणी, कुत्र्यांसाठी दोन.

या आखणीत दोन चुका आहेत. आम्हाला त्या दहाच्या सुमारास कळल्या, तुम्ही आधी कळून घ्या.

पहिली चूक पाण्याची. कुत्र्याला घरात नुसतं पडून असताना दिवसाला दर किलो वजनामागे साधारण पन्नास ते साठ मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे ब्रूनोला जवळजवळ दोन लिटर आणि राणीला जवळजवळ एक, तेही चढ न चढता. मी दोघांना मिळून दोन लिटर घेतलं होतं. हा गुणाकार सातवीतला मुलगा करू शकतो. मी केलाच नाही, कारण कुत्र्याला पाणी म्हणजे वाटेत कुठेतरी मिळेल असं डोक्यात होतं.

दुसरी चूक वेळेची, आणि ती समजायला कुत्र्याचं शरीर कसं थंड होतं ते माहीत पाहिजे. आपण घामावर चालतो. रूट मार्चला शर्ट भिजतो, तो घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला असा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या गाद्यांमध्ये असतात आणि त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्याचं खरं यंत्र म्हणजे जीभ आणि श्वास. तो तोंड उघडून भराभर धापा टाकतो, तेव्हा जिभेवरचं आणि तोंडातलं, घशातलं पाणी वाफ होऊन जातं आणि रक्त थंड होतं. हवा दमट असली की वाफ नीट होत नाही. पाणी कमी पडलं की लाळ घट्ट होते. आणि धापा टाकणं हेही स्नायूंचंच काम आहे, त्याचीही थोडी उष्णता तयार होते. वरून ब्रूनोच्या अंगावर थंड प्रदेशातल्या जातीचा दुहेरी कोट, त्याखाली आजीचं तूप. राणीच्या अंगावर आखूड केस आणि बारीक कंबर. दोघं एकाच वाटेवर चालत होती, पण दोघांची चढाई एकसारखी नव्हती.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा थोडं जास्तच. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात, आणि त्यात मेंदू, मूत्रपिंडं, आतडी सगळ्यांना इजा होऊ शकते. मधलं अंतर फार नाही. ते उन्हाळ्यातच गाठलं जातं असं नाही. त्या दिवशी मोबाईल ३१ अंश दाखवत होता, दिवाळीतली छान हवा होती, आणि आम्हाला कोणालाही गरम होतंय असं वाटत नव्हतं.

पहिल्या माथ्यापर्यंत सगळं छान झालं. ब्रूनो सर्वांच्या पुढे होता. दुसऱ्याच्या चढावर तो मागे पडायला लागला. आता आठवलं की प्रत्येक खूण स्पष्ट दिसते. त्याची जीभ नुसती बाहेर नव्हती, टोकाला रुंद आणि चपटी होऊन चमच्यासारखी वळली होती. तोंडाचे कोपरे मागे ओढलेले. लाळ तारेसारखी लोंबत होती. सावली आली की तो आडवा व्हायचा, पोट जमिनीला टेकवून. मी म्हणायचो, "चल ब्रूनो," आणि तो उठायचा.

हे उठणं मला नंतर सगळ्यात जास्त टोचलं. मला वाटलं, उठतोय म्हणजे जमतंय. पण लॅब्राडोर माणसासोबत काम करायला तयार केलेली जात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत केंट नावाची आपल्या सैन्याची एक लॅब्राडोर आपल्या हँडलरला वाचवताना मारली गेली, हे तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. असा कुत्रा "मला जमत नाही" म्हणून बसून राहत नाही. हाक मारली की येतो, आणि पाय लटपटेपर्यंत येत राहतो. फॉल आऊट व्हायची परवानगी आपण मागू शकतो, तो नाही. थांबायचं कधी हे ठरवायचं काम पूर्णपणे माझं होतं आणि मी घड्याळ बघत होतो.

दुसऱ्या माथ्यावर आम्ही दहा वीसला पोहोचलो. पलीकडच्या खिंडीत उतरताना ब्रूनोचे मागचे पाय वाकडे पडायला लागले. मामाने त्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. नेहमी गुलाबी असतात, त्या गडद लाल झाल्या होत्या. मामा मला एवढंच म्हणाला, "बस झालं. पाणी काढ."

आम्ही जे केलं ते सांगतो, कारण हे ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला यायलाच हवं. आधी सावली. मग पाणी पाजण्याच्या आधी पाणी अंगावर: पोट, जांघा, काखा, मान, पंजे. ओला टॉवेल नुसता पाठीवर टाकून ठेवायचा नाही, तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. ओलं करायचं आणि वारा घालायचा. बाबा आणि मी गमछ्याने वारा घालत होतो, हात दुखेपर्यंत. पाणी त्याच्यासमोर ठेवायचं, थोडं थोडं, पण जबरदस्तीने तोंडात ओतायचं नाही, ठसका लागून ते फुफ्फुसात जाऊ शकतं. कुत्र्यांचं पाणी तोवर संपलं होतं. माणसांच्या आठ लिटरांपैकी तीन लिटर त्याच्या पोटावर गेलं. काकांनी खाली ओहोळात पाणी असल्याचं सांगितलं आणि ते स्वतः जाऊन दोन बाटल्या भरून आले.

जनावरांचा डॉक्टर जवळ असला तरी आधी थंड करायचं आणि मग न्यायचं, हा क्रम महत्त्वाचा. घाईने गाडीत घालून न्यायला लागलो तर तेवढा वेळ ताप चढताच राहतो. कुत्रा उलटी करायला लागला, भेलकांडला, ओळख विसरल्यासारखा बघायला लागला किंवा हिरड्या पांढऱ्या-निळसर झाल्या, तर वाटेतही थंड करत डॉक्टरकडे जायलाच हवं. आणि तो बरा दिसला तरी त्या दिवशी दाखवून यावं, कारण आतली इजा दुसऱ्या दिवशीही वर येते.

पाऊण तासाने ब्रूनोचा श्वास हळू झाला. शेपटी एकदा हलली. तिसरा माथा समोर दिसत होता, फार तर चाळीस मिनिटं. मी म्हणालो, तुम्ही दोघं इथे थांबा, मी काकांसोबत जाऊन येतो. बाबा काही बोलले नाहीत. मामा म्हणाला, "जा. पण याला खाली न्यायला चार माणसं लागली, तर आम्ही दोघं आहोत." मी गेलो नाही. पण मोठ्या मनाने गेलो नाही असं नाही. रागावून गेलो नाही, आणि अर्धा तास कोणाशी बोललो नाही. रूट मार्चला उस्ताद सांगतात, की तुकडीचा वेग शेवटच्या कॅडेटचा वेग असतो. ते मला पाठ होतं. तो शेवटचा कॅडेट कुत्रा असू शकतो हे डोक्यात आलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर दुसरी गोष्ट शिकायला मिळाली. राणी सकाळपासून मोकळी होती, कारण ती मामाचं ऐकते. ओहोळाच्या वरच्या अंगाला ती एकदम थांबली, मानेवरचे केस उभे. काका लगेच म्हणाले, "कुकुर ला बांध के राख बाबू, ए डहर भालू हवय." कुत्र्याला बांधून ठेव, या बाजूला अस्वल आहे. वाटेला लागून एक वारूळ होतं, हातभर खोल खणलेलं, माती अजून ओली. अस्वल वाळवी अशीच काढून खातं. आम्ही राणीला साखळी लावली आणि मोठ्याने बोलत, बाटल्या वाजवत निघालो. अस्वल दिसलं नाही.

खाली आल्यावर मामाने समजावलं. अस्वलाची नजर आणि कान फार तेज नसतात, वाळवी खाण्यात गुंतलं की त्याला माणूस जवळ येईपर्यंत कळत नाही, आणि दचकलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. मोकळा कुत्रा त्याला शोधून काढतो, भुंकून चिडवतो, आणि अस्वल मागे लागलं की संरक्षणासाठी कुठे पळतो? मालकाकडे. अस्वल त्याच्या पाठोपाठ येतं. म्हणून जंगलात कुत्रा साखळीत पाहिजे. "माझा कुत्रा कितीही शिकवलेला आहे" हे त्या वेळी उपयोगाचं नाही.

बिबट्याचं उलट असतं, त्याला कुत्राच हवा असतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि वस्तीतल्या प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांपेक्षाही जास्त. कळसूबाई याच अकोले तालुक्यात आहे. संध्याकाळी डोंगरावर कुत्रा घेऊन रेंगाळू नये, आणि तंबूबाहेर त्याला बांधून झोपू तर अजिबात नये.

कळसूबाईवरून आठवलं. सह्याद्रीत ट्रेकला गेलेल्या प्रत्येकाला गावातला कुत्रा सोबत आल्याचा अनुभव असेल. राजगडावरून तोरण्याला जाताना, हरिश्चंद्रगडावर, बारी गावातून कळसूबाईला चढताना, तो आपोआप पुढे चालायला लागतो, वळणावर थांबून मागे बघतो, आणि सगळे म्हणतात, बघा, वाट दाखवतोय. मीही म्हटलं आहे. पण तो बहुतेक वेळा बिस्किटामागे आलेला असतो. पुढे शिडी किंवा कातळ आला की अडकतो, आपण उतरून दुसऱ्याच गावाला जातो, तिथली कुत्री त्याला फाडायला उठतात, आणि आपली बस सुटते. आमच्याही मागे त्या दिवशी गावातला एक तांबडा कुत्रा आला होता. काकांनी शेवटच्या शेतापाशी काठी जमिनीवर आपटून त्याला परत पाठवलं. मला ते तेव्हा निष्ठुर वाटलं होतं. आता वाटतं, आपल्या ट्रेकला पायथ्याला बिस्किटं वाटणं आपणच बंद करावं. खायला द्यायचंच असेल तर परत आल्यावर त्याच गावात द्यावं.

जिथे मुळीच न्यायचं नाही त्या जागाही आहेत. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं यांत पाळीव कुत्रा नेऊ नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हेसुद्धा अभयारण्य आहे. कारण नुसतं हरणामागे धावण्याचं नाही, रोगाचंही आहे. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, आणि त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला, जो कुत्र्यांमध्ये सर्रास असतो. बाकीच्या जंगलातही आधी वनरक्षकाला विचारावं. आम्ही काकांना विचारलं होतं, तेवढ्यावर भागलं, पण तेही पुरेसं नव्हतं असं मामा नंतर म्हणाला. आणि कुत्र्याच्या रेबीजच्या आणि डिस्टेंपरच्या लशी झालेल्या नसतील तर त्याला कुठेच नेऊ नये.

काही बारीक गोष्टी, ज्या मला घरी आल्यावर कळल्या. कुसळी गवत वाळायला लागलं की त्याची टोकं कुत्र्याच्या बोटांमध्ये आणि कानात शिरतात आणि पुढेच सरकत जातात, मागे येत नाहीत. राणीच्या पंजातून मामाने चार काढली. गोचीड कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि गळपट्ट्याखाली बघायचे, कारण त्यांच्यापासून ताप येतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचे. कातळ तापला असेल तर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघावी, आपल्याला सहन झालं नाही तर त्याच्या गाद्यांनाही होत नाही. पोटभर जेवण देऊन लगेच चढायला लावायचं नाही. आणि आपल्या डब्यातला चिवडा द्यायचा नाही, त्यात मनुका असतात. द्राक्षं आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. चॉकलेट आणि कांदाही विषारी. मी पहिल्या माथ्यावर ब्रूनोला चिवडा देणारच होतो. आईने त्यात मनुका घातल्या नव्हत्या हा निव्वळ योगायोग.

पालकांसाठी एक ओळ: घरचा कुत्रा आठ वर्षांचा आणि जाड असेल आणि मुलगा सुट्टीवर येऊन "याला डोंगरावर नेतो" म्हणाला, तर आधी दोघांना रोज सकाळी महिनाभर चालायला पाठवा. सुट्टी तेवढी नसते हे मला माहीत आहे. मग कुत्र्याला घरी ठेवा.

ब्रूनोला त्याच संध्याकाळी भिलाईत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सलाइन लावलं, रक्त तपासलं आणि दोन दिवस पडून राहू द्या म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात बसला होता. आजीने फोनवर सांगितलं, की वजन आता पस्तीसवर आलं आहे आणि ती तूप देत नाही. बाबा म्हणतात, कमी देते.

हिवाळ्याच्या सुट्टीत परत जाणार आहोत. साडेपाचला अंधारात निघायचं, टॉर्च घेऊन, आणि दहाच्या आत खाली यायचं. कुत्र्यांसाठी पाच लिटर वेगळं पाणी, आणि ते मी माझ्या पाठीवर घेणार आहे. ब्रूनो पहिल्या माथ्यापर्यंत येईल आणि तिथून बाबांसोबत परत. राणी, मामा आणि मी पुढे. तिसऱ्या माथ्यावर काय आहे असं मी उतरताना काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कुछू नइ हे बाबू, पथरा हे."